बहूजींना नाही कोण म्हणणार

मला येणारा फोन बहुधा असा असतो. "मॅडम, कामाला शिस्त लावेल असं एखादं चांगलं ॲप सांगा ना." मी विचारते, "काम कोणतं आहे?" मग उत्तर येतं, "आता काय सांगू, कामच काम आहे." इथून माझा धंदा सुरू होतो, आणि खरं सांगायचं तर हल्ली इथूनच थकवाही सुरू होतो.

दिवाळीच्या आसपास हे फोन वाढतात. दुकानाला रंग दिला, जळमटं काढली, की मालकाला वाटतं कामाचीही झाडलोट व्हावी. मग शहरातल्या ओमतीपासून बाहेरच्या शहपुऱ्यापर्यंत कुणी ना कुणी 'ॲपवाली मॅडम'चा नंबर शोधतं. जबलपुरात मला हेच नाव पडलं आहे. पाटीवर लिहायला बरा दिसेल असा शब्द या धंद्याला अजून मिळालेला नाही. दुकानं, दवाखाने, शिकवण्या, गोदामं अशा ठिकाणी जायचं, तिथलं रोजचं काम कसं चालतं ते बसून पाहायचं, त्याला जुळेल असं मोबाइलवरचं ॲप निवडून द्यायचं, आणि लोकांच्या हाताला सवय लागेपर्यंत खेपा घालायच्या. निवडायला फार वेळ लागत नाही. खेपा मात्र संपत नाहीत.

माझे वडील फॅक्टरीत होते. जबलपुरात नुसतं फॅक्टरी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, लष्कराच्या तोफा-गाड्यांचीच. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील माझी ओळख करून देताना नावाच्या आधी डिग्री सांगायचे. "ही आमची बी.कॉम." असं म्हणून थांबायचे, नाव मी सांगायची. पण मी नेमकं काय करते ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

"दुकानात बसतेस?"

"नाही, बाबा."

"शिकवतेस?"

"थोडंसं."

"मग लोक तुला बोलावतात काहून?"

लोक बोलावतात कारण त्यांना वाटतं मोबाइलमध्ये एक असा नोकर आहे, जो न सांगता सगळं आठवतो, कधी सुट्टी घेत नाही, आणि मी तो ओळखते. मी जाते तेव्हा पहिला तास त्यांचा हा गैरसमज काढण्यात जातो.

ओमतीच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर कामं लिहून ठेवायची इतकी ॲपं होती, की कोणतं काम कशात लिहिलंय ते शोधण्यासाठी ते आणखी एक घ्यायच्या बेतात होते. मी त्यांना काही विचारलंच नाही. बाहेर बसणाऱ्या मुलीला विचारलं, "डॉक्टरसाहेब दिवसभर तुला काय विचारतात?" ती म्हणाली, "अब कौन है. बस इतनाच." मी सगळी ॲपं काढली आणि पुढचा पेशंट कोण एवढंच दाखवणारं कॅलेंडर दोघांच्या मोबाइलवर लावून दिलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. "बस? यासाठी तुम्हाला बोलावलं?" पण आजही तेच वापरतात. कधी भेटले तर अजून तक्रार करतात की ते फारच साधं आहे.

बरगीला मात्र मी फसले. धरणावरच्या मच्छीमारांची संस्था होती. कुणी किती मासळी आणली ते काठावरच नोंदवता यावं म्हणून मी एक देखणं ॲप निवडलं, घरी बसून. धरणाच्या काठावर गेले तर नेटवर्क नाही, आणि ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देईना. एका म्हाताऱ्या मच्छीमारानं बोट लावलं, मोबाइल बनियनला पुसला, पुन्हा बोट लावलं, पुन्हा पुसला, आणि माझ्या हातात देऊन जाळ्याकडे वळला. तेव्हापासून मी ॲपच्या आधी हात पाहते. ओला आहे, पिठाचा आहे, तेलकट आहे, का नुसताच गोंधळलेला आहे.

बाकी या धंद्यात गुपित असं काही नाही. काम कुठे अडतं ते पाहावं. विसरल्यामुळे अडत असेल तर आठवण देणारं ॲप लागतं. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही म्हणून अडत असेल तर सगळ्यांना एकत्र दिसेल असं लागतं. आणि कामच जास्त असेल तर ॲप लागत नाही, माणूस लागतो. पण हे ऐकायला मालक मला बोलावत नाहीत. त्यातून निवडलेलं ॲप जरा अंगवळणी पडतंय म्हणेपर्यंत ते बनवणारे बटणाची जागा बदलतात. त्यांचं काय जातं. सकाळपासून फोन मला. "मॅडम, वो गोल वाला कहाँ गया?" तो गोल कुठे गेला ते मी आधी माझ्या मोबाइलवर शोधते, मग फोनवर सांगते, मग तरी जावंच लागतं. गुडघे आता जिने मोजायला लागलेत.

इतक्या वर्षांत माझा एक नियम ठरला होता आणि तो मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगायची: माणसांना ॲपसारखं वागायला लावू नका, माणसं वागतात तसं ॲप निवडा. हा नियम मला फारच उपयोगी पडला. शहपुऱ्याला गावंड्यांकडे गेले तोवर.

गावंडे मटाराचे व्यापारी. त्यांचे आजोबा अमरावतीकडून या नर्मदेच्या मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणाच्या पलीकडे हिंदी. थोरल्या गावंड्यांना घरचे, हमाल, ट्रकवाले, सगळेच बाबूजी म्हणतात. मुलगा मटाराच्या दिवसांत नागपूरच्या बाजारात ठाण मांडून असतो, गेलेला माल तिकडे उतरवून घ्यायला. शहपुऱ्याचं ऑफिस एक जुने मुनीमजी सांभाळायचे. ते म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली.

त्या खुर्चीवर बसायचं होतं सुनेला. वैशाली तिचं नाव. छिंदवाड्याची, तीही माझ्यासारखी माहेरी पहिली ग्रॅज्युएट. लग्नानंतर काही वर्षं घर आणि लेकरू करून झालं होतं. तिनं विचारलं तेव्हा बाबूजी म्हणाले, "एक सीजन. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर मी मुनीम पाहतो, आणि मग हा विषय घरात पुन्हा निघणार नाही." असा सौदा ठरला आणि तिनं मला फोन केला. "ताई, मला एकच सीजन आहे," हे तिचं पहिलं वाक्य. नमस्कार नंतर.

मी गेले आणि नेहमीसारखी कोपऱ्यात बसून पाहिलं. मटार हा उतावळा माल. तोडला की थांबत नाही. बोरीत, म्हणजे पोत्यात, भरून ठेवला तर आतून तापतो, शेंग पिवळी पडते. म्हणून मंडीतून आवारात आला की लगेच ट्रक, ट्रकमध्ये बोऱ्यांच्या मधे बर्फाच्या लाद्या, वर ताडपत्री, आणि चला. यातलं एक अडलं की पुढचं सगळं अडतं. बाबूजी हे सगळं आवाराच्या मधोमध उभं राहून तोंडानं चालवायचे. आवाज पार रस्त्यापर्यंत. ट्रक ठरवणारे तिवारीजी आणि पल्लेदारांचा, म्हणजे बोऱ्या उचलणाऱ्यांचा, पुढारी रामसेवक यांना दिवसातून कितीदा शिव्या बसायच्या त्याचा हिशोब नाही. वैशाली आवारात उभी राहून ओरडू शकत नव्हती. गावंड्यांच्या घरात तशी रीत नाही. ती वरच्या ऑफिसात, खिडकीमागे.

म्हणजे मला पाहिजे होतं ते असं ॲप, की ती वर बसून काम पाठवेल आणि खाली ज्याचं त्याला दिसेल. मी अगदी साधं निवडलं. वाचायला कमी, बोटं मोठी असली तरी चालेल असं. काम आलं की राखाडी. झालं की हिरवं. अडलं तर लाल. त्यावरचे इंग्रजी शब्द काढून मी हिंदी टाकले: 'बाकी', 'हो गया', 'अटका'. बोलून निरोप पाठवायचीही सोय होती. बाबूजींच्या मोबाइलवरही लावून दिलं, नुसतं पाहायला. रामसेवकला शिकवलं तेव्हा त्यानं एकदाच पाहिलं आणि बाकीच्या पल्लेदारांना तोच शिकवायला लागला. मला वाटलं, चला, इथे खेपा कमी पडतील.

पहिले दिवस सोन्यासारखे गेले. वैशालीचा फोन यायचा, "ताई, पाठवलं की हिरवं, पाठवलं की हिरवं होऊन राहिलं." बाबूजीही गप्प होते. मंडीतून येताजाता ते आवारात एक फेरी मारत आणि जे मागे पडलं असेल ते सवयीनं ओरडून करून घेत. त्यामुळे खरं काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही.

मग बाबूजी एका सोयरिकीसाठी कटंगीला गेले, दिवसभरासाठी. त्या दिवशी नागपूरवरून पुढे हैदराबादला माल जायचा होता. दुपारी नवऱ्याचा नागपूरहून फोन आला, "गाडी निघाली काय? नंबर पाठव." वैशालीनं मोबाइल पाहिला. ट्रक आला, हिरवं. बर्फ आला, हिरवं. भरती झाली, हिरवं. नंबर विचारायला ती खिडकीशी गेली. खाली आवारात उन्हात बोऱ्यांची थप्पी तशीच. ट्रक नाही, बर्फ नाही. पल्लेदार सावलीत बसलेले. तिला पाहून सगळे अदबीनं उठून उभे राहिले.

संध्याकाळी बाबूजी आले. कुणी काही सांगायच्या आधी त्यांनी एका बोरीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आत ऊब धरली होती. तिवारीजींना बोलले, रामसेवकला बोलले, बर्फवाल्याला फोनवर बोलले. सुनेला मात्र एक शब्द नाही. घरात जाऊन बायकोला म्हणाले, "उद्यापासून मुनीम पाहतो."

हे वैशालीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. रडली नाही. "मी सासूबाईंकडून निरोप पाठवला, की शब्द सीजनचा होता आणि सीजन अजून बाकी आहे. बाबूजी हो म्हणाले. पण ताई, मला ते बोलले काहून नाही? माझीच तर चूक होती. पाहुणी असल्यासारखं सोडून दिलं मला."

मी बस पकडून शहपुऱ्याला गेले. ऑफिसात न जाता आधी आवारात गेले. रामसेवक बिडी विझवून उभा राहिला.

"भैया, ट्रक आलाच नव्हता. मग भरतीचं हिरवं कशाला केलं?"

"बहूजींचा हुकूम आला ना, मॅडम. हुकूम लटकत ठेवायचा काय? पाहिला की हिरवा केला."

"अहो, पण काम झाल्यावर हिरवं करायचं असतं."

"काम तर होतच असतं. त्या दिवशी नाही झालं, ती गोष्ट वेगळी."

"मग लाल दाबायचं. 'अटका'. मी दाखवलं होतं ना?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोलले. "बहूजी को ना बोलें? घर की लक्ष्मी हैं, मॅडम."

"बाबूजींना तर सांगत होतात, नाही होणार म्हणून."

मागे बसलेले दोघं-तिघं हसले. रामसेवकही हसला. "बाबूजींची गोष्ट अलग आहे. आम्ही म्हणतो गाडी नाही आली. ते आमच्या सात पिढ्या काढतात. आम्ही ऐकून घेतो. मग ते म्हणतात आता काय करायचं, आणि आम्ही सांगतो असं करू. बहूजींसमोर हे कसं होणार? त्या बिचाऱ्या शिवी देऊ शकत नाहीत. मग पुढची गोष्ट निघणारच कशी?"

मी तिथेच एका उपड्या टोपलीवर बसले. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती हिरवी खूण म्हणजे कामाचं उत्तर नव्हतं, नमस्कार होता. जितका मान, तितकं हिरवं. बिचारीला सगळे इतका मान देत होते की खरं कुणीच सांगत नव्हतं.

यावर उपाय माझ्याजवळ तयार होता आणि तो करायला मिनिटही लागणार नव्हतं. वर गेले. सासूबाईंनी चहा पाठवला होता. वैशालीला म्हटलं, "काही नको. तुझ्या मोबाइलवर बाबूजींचं नाव टाकून देते. काम तूच लिही, जाईल त्यांच्या नावानं. बाबूजींना हे लोक खरं सांगतात."

"आणि मी कुठे राहिली याच्यात?"

"तू इथेच. खुर्चीवर."

"खुर्चीवर तर बाबूजी राहिले, ताई. मी त्यांचं बोट झाली."

"काम चालेल ना पण."

"काम तर मुनीमही चालवेल."

मी तिला समजावत राहिले. सांगितलं की शहरात अशी कितीतरी दुकानं आहेत, मी स्वतः बसवून दिलेली. नाव शेटजींचं, बोटं शेटाणीची. कापडाच्या दुकानापासून नर्सिंग होमपर्यंत. कुणाचं काही अडत नाही. सांगता सांगता मलाच ते कसंसं वाटायला लागलं, पण मी थकलेले होते, परतीची बस गाठायची होती, आणि माझा नियमही तेच सांगत होता: माणसं वागतात तसं ॲप निवडा. ही माणसं बाबूजींशी खरं बोलतात, तर बाबूजींचं नाव लावा. यात चुकीचं काय होतं?

वैशालीनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही पिऊन घ्या, ताई. नाव नका बदलू."

बसमध्ये मला तिचा रागच आला. एकच सीजन हातात, त्यातला बराचसा गेलेला, आणि ही नावावर अडून बसली. घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडले आणि ठरवलं, आता ती बोलावेल तेव्हाच जायचं.

तिनं बोलावलं नाही. पुढे जे घडलं ते तिनं आणि नंतर रामसेवकनंही मला सांगितलं. दोघांचं जुळतं, म्हणून लिहिते.

एके सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एक काम आलं. 'बारदान मंगाना', म्हणजे रिकाम्या बोऱ्या मागवणं. पुढे नाव: वैशाली. तिनं काम स्वतःलाच दिलं होतं. आणि थोड्या वेळानं ते लाल झालं. 'अटका'. खाली तिनं लिहिलं होतं, 'भूल गई'. त्या आवारातलं ते पहिलं लाल.

बाबूजी मंडीतून आले ते मोबाइल हातात घेऊनच. त्यांनी ते लाल पाहिलं, अर्धं वाचलं, आणि आवाराच्या मधोमध उभं राहून खिडकीकडे तोंड करून सुरू झाले. "बारदान नाही तर मटार काय धोतरात बांधून पाठवता? सकाळपासून काय झोपा काढून राहिले होते? माल डोक्यावर येऊन पडला आणि म्हणे विसरले!" मुनीमजींना बोलायचे तसंच. तोच आवाज, तेच हातवारे. पल्लेदारांचे हात जिथल्या तिथे थांबले. सासूबाई पदर सावरत दाराशी आल्या.

वैशाली खाली उतरली. आवारात, सगळ्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "हो बाबूजी, विसरले. शेजारच्या आडतीवर जुन्या बोऱ्या पडल्या आहेत. त्या आता आणवते, नव्या दुपारी येतील. तोवर तिवारीजींची गाडी थांबवून ठेवते."

"मग आणव ना. तोंड काय पाहून राहिली?"

आणि ते मंडीत परत गेले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं असणार, आपण कुणाला बोललो ते. रामसेवक म्हणतो, रस्त्यात उभे राहून टोपी काढून डोकं खाजवत होते. त्या दुपारी सासूबाईंनी त्यांना वाढलं, पण समोर बसल्या नाहीत. सुनेवर ओरडणं, तेही हमालांसमोर, गावंड्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. बाबूजी पानावरून लवकर उठले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, आणि वैशालीला ती नकोच होती.

ती खरंच विसरली होती काय, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "ताई, इतकं काम असते, माणूस विसरते."

दुसऱ्या दिवशी मी ओमतीला त्याच दातांच्या डॉक्टरांकडे हरवलेलं बटण शोधत बसले होते. वैशालीकडून एक निरोप आला. तिचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं, नुसता रामसेवकचा आवाज पुढे पाठवला होता. मी मोबाइल कानाला लावला. "बहूजी, लाल कर दिया है. बरगी वाले लड़के नहीं आए, उनके गाँव में गमी हो गई. बड़ा ट्रक आज नहीं भरेगा. जो करना हो कर लो."

डॉक्टरांनी विचारलं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही. एका माणसानं नाही म्हटलं."

वैशालीनं त्याला उत्तर काय दिलं तेही मला नंतर कळलं. तिनं खिडकीतूनच विचारलं, "हे काल काहून नाही सांगितलं?" चांगल्या चढ्या आवाजात. तो खालून म्हणाला, "मरण काल सांगून येते काय, बहूजी?" बाकीचे हसले. ती जरा जास्तच चिडली. मग दोघांनी मिळून ठरवलं, दोन छोट्या गाड्या करायच्या, एक आता, एक दुपारून. माल थंडच गेला.

त्यानंतर त्या ॲपवर लाल दिसायला लागलं. रोज. कधी बर्फ, कधी ताडपत्री, कधी वजनकाट्याची वीज. तिवारीजींना सगळ्यात उशीर लागला. ते ब्राह्मण माणूस, सभ्य, लाल दाबायच्या आधी फोन करून 'बहूजी, क्षमा करें' म्हणायचे. पण दाबायचे.

मी माझा नियम बदलला काय? नाही, अजून तोच सांगते. दुसरा कोणता सांगू? गिऱ्हाइकाला असं तर म्हणता येत नाही, की ॲप नीट चालायला हवं असेल तर एकदा सगळ्यांसमोर सासऱ्यांच्या शिव्या खा. ते काही कुठल्या बटणात बसत नाही. फक्त आता जिथे पडद्यावर सगळंच हिरवं दिसतं, तिथे मी चहा घेत नाही, आधी खाली उतरून पाहते. आणि कापडाच्या दुकानातली ती शेटाणी अधूनमधून आठवते. तिला मी विचारलंच नव्हतं, नाव कुणाचं लावू म्हणून.

मटार सरत आला होता तेव्हा बाबूजींचा फोन आला. आजवर त्यांनी मला फोन केला नव्हता.

"मॅडम, हे तुम्ही काय शिकवून ठेवलं तिला? माझं नाव लाल करून ठेवलं तिनं."

"तुमचं?"

"बर्फाच्या कारखान्याचा मालक माझा जुना ओळखीचा. त्याच्याशी मी बोलतो म्हटलं होतं, उद्याच्या लाद्यांसाठी. राहून गेलं. तर हिनं ते काम माझ्या नावानं टाकलं आणि लाल करून दिलं. सगळे पाहून राहिले. तो रामसेवक मला पाहून हसते."

मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी विचारलं, "मग आता? मुनीम पाहणार होतात ना तुम्ही?"

आधी त्यांनी ट्रॅक्टरवाल्यावर ओरडून घेतलं. मग म्हणाले, "आला होता एक. चांगला होता. परत पाठवला. म्हटलं, बाप्पा, इथं जागा भरली." आणि लगेच, "ते जाऊ द्या. हे लाल आहे ते हिरवं कसं करतात, तेवढं सांगा."

"बर्फवाल्याशी बोलून घ्या, बाबूजी. मग ऑफिसात जाऊन तिला सांगा. ती करून देईल."

"हव," म्हणाले, आणि फोन ठेवला.